रताळ्याची बिस्किटं घरच्या घरी: मंडईपासून डब्यापर्यंत

रताळ्याची बिस्किटं पहिल्यांदा करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. ट्रेमधून काढली तेव्हा मस्त होती, संध्याकाळी डबा उघडला तर सगळी मऊ. मग पुढच्या वेळी कोणी बेकिंग पावडर वाढवतं, कोणी तूप वाढवतं, कोणी ओव्हनलाच नावं ठेवतं. यातल्या कशाचाही दोष नसतो, दोष पाण्याचा असतो. कच्च्या रताळ्याच्या वजनात दोनतृतीयांशाहून जास्त पाणीच असतं. ते पिठात जायच्या आधी काढलं नाही, तर नंतर कितीही भाजा, बिस्कीट वरून करपतं आणि आत ओलं राहतं. खाली जे सांगितलंय त्यातला अर्धा भाग या एका गोष्टीभोवतीच फिरतो.

एका बाबतीत आपण सोलापूरकर नशीबवान आहोत. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला आणि पावसाळ्याचे दिवस सोडले तर हवा कोरडी. कोकणात किंवा मुंबईत डबा जरा उघडा राहिला की बिस्कीट गेलंच म्हणून समजा, इथे तेवढी घाई नाही. त्याची भरपाई एप्रिल-मे करतो, कारण पारा चाळिशी ओलांडतो आणि तूप डब्यात पातळ होऊन बसतं. त्याचंही पुढे बघू.

काय काय लागेल

साधारण तीस छोट्या बिस्किटांसाठी:

- कच्ची रताळी २५० ग्रॅम (भाजून, आटवून यातून साधारण १२० ग्रॅम गोळा हाती येतो)
- गव्हाचं पीठ १३० ग्रॅम
- ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम
- बारीक रवा २० ग्रॅम
- साजूक तूप ८० ग्रॅम, थिजलेलं
- पिठीसाखर ४० ग्रॅम आणि गूळ पावडर ३० ग्रॅम
- बेकिंग पावडर सपाट एक छोटा चमचा
- मीठ चिमूटभर, वेलची-जायफळ आवडीप्रमाणे

भांड्यांमध्ये वजनकाटा, जाड बुडाची कढई, पुरणयंत्र, बटर पेपर, गार करायला जाळी आणि घट्ट झाकणाचा डबा. ओव्हन असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

वजनकाट्याबद्दल मी हट्टी आहे. वाटीच्या मापाने पुरणपोळी होते, कारण तिथे हाताला अंदाज असतो. इथे रताळ्याचा गोळा दर वेळी कमी-जास्त ओला असतो, त्यात पिठाचं मापही हललं तर काय चुकलं हे कळायलाच मार्ग राहत नाही.

तुपाऐवजी घरचं लोणी घालू नका, लोण्यात पाणी असतं. वनस्पती तूप चालतं आणि बिस्कीट जास्त खुसखुशीतही होतं, पण टाळूला चिकटतं. मला ते आवडत नाही.

१. रताळी निवडणं

लक्ष्मी मंडईत किंवा आठवडी बाजारात मिळतात ती बहुतेक लाल सालीची, आत पांढरट. बिस्किटांना हीच चांगली. शिजल्यावर पिठूळ होतात आणि नारिंगी गराच्या वाणांपेक्षा साधारणपणे कमी ओलसर असतात. नारिंगी गराची मिळालीच तर रंग सुरेख येतो, पण कढईत जास्त वेळ आटवावी लागतात. जांभळ्या गराचीही रताळी असतात. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ हा नारिंगी आणि ‘भू कृष्णा’ हा जांभळा वाण काढला आहे. जांभळं रताळं वापरणार असाल तर खाण्याचा सोडा चुकूनही घालू नका. सोड्याने तो रंग निळसर-हिरवट होतो आणि बिस्कीट बुरशी आल्यासारखं दिसतं.

मध्यम जाडीची, हाताला टणक लागणारी रताळी घ्या. फार जाड रताळ्यात दोरे जास्त निघतात. थोडी सुरकुतलेली असली तरी नाक मुरडू नका. त्यातलं पाणी आधीच उडालेलं असतं, आपल्या कामाला ती बरीच. टोकं मऊ पडलेली, आंबूस वासाची मात्र नकोत.

सालीवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर ते रताळं बाजूला ठेवा. ती सोंड्या भुंग्याची करामत. भुंगा लागला की रताळं स्वतःच्या बचावासाठी कडू द्रव्यं तयार करतं आणि तो कडूपणा किडलेल्या भागाच्या पुढेही पसरतो. तेवढा भाग कापून टाकला आणि बाकीचं घेतलं तरी सगळा घाणा कडवट होऊ शकतो. साखरेने तो झाकला जात नाही.

आषाढी, कार्तिकी आणि महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी भाव चढलेले असतात आणि निवडायलाही कोणी देत नाही. चार-सहा दिवस आधी घ्या. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने कच्च्या रताळ्याचा गाभा कडक होतो आणि शिजवूनही मऊ पडत नाही. टोपलीत, उजेड आणि ओल नसलेल्या कोपऱ्यात ती छान राहतात.

२. भाजा, उकडू नका

कुकरमध्ये पाण्यात उकडणं सोपं, पण जे पाणी काढायचंय तेच आपण आत भरतो. शिवाय चवीतही फरक पडतो. रताळं हळूहळू तापत असताना त्यातलं एक पाचकद्रव्य पिठाची साखर करतं. साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात हे काम जोरात चालतं. कुकरमध्ये हा टप्पा भर्रकन निघून जातो. हुरड्याच्या आगटीत, राखेखाली सावकाश भाजलेलं रताळं इतकं गोड का लागतं, त्याचं कारण हेच.

म्हणून रताळी धुऊन, पुसून, सालीसकट ओव्हनमध्ये ठेवा आणि ओव्हन आधी तापवू नका. थंड ओव्हनमध्ये ठेवून मग १८० अंशांवर लावा. मध्यम रताळ्याला पाऊण ते एक तास लागतो. सालीतून चिकट पाक पाझरायला लागला आणि सुरी अलगद आरपार गेली की झालं. खाली ॲल्युमिनियम फॉइल घाला, नाहीतर तो पाक ट्रेवर असा बसतो की घासून घासून हात दुखतील.

ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून, मंद आचेवर, फिरवत फिरवत भाजा. अगदीच घाई असेल तर इडलीपात्रात वाफवा. त्याने गोडी थोडी कमी येते आणि पुढच्या पायरीला वेळ जास्त लागतो.

३. पाणी आटवणं

सगळ्यांना टाळावीशी वाटणारी पायरी हीच आणि बिस्कीट मऊ पडण्याचं कारणही बहुतेक वेळा हिच्यातच असतं.

रताळी गरम असतानाच सोला आणि पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून फिरवा. दोरे जाळीत अडकतात, खाली मऊ गर पडतो. मिक्सरमध्ये मात्र फिरवू नका. रताळ्यातली खळ मोकळी होऊन गर चिकट होतो आणि मग तो आटवताना कढईला धरतो.

हा गर जाड बुडाच्या कढईत तूप न घालता मंद आचेवर परता. पहिली काही मिनिटं वाफच वाफ निघेल, गर उलथन्याला चिकटेल. मग हळूहळू तो कडा सोडायला लागतो. उलथनं मधून फिरवल्यावर कढईचा तळ दिसला आणि गर लगेच मिटून आला नाही, की जवळ आलात. शेवटी सगळा मिळून एक गोळा व्हायला हवा, खव्याइतका घट्ट. बोटाने दाबला तर बोट कोरडं निघायला हवं.

आता वजन करा. १२० ग्रॅमच्या आसपास असेल तर गॅस बंद. १५० असेल तर परत कढईत घाला. ‘चालतंय की’ म्हणून पुढे गेलात तर संध्याकाळी मऊ बिस्किटं खायची तयारी ठेवा. काही जण या जागी पीठ वाढवून ओल मारतात. त्याने मळायला सोपं जातं खरं, पण बिस्कीट कडक आणि पिठूळ होतं आणि रताळ्याची चव कुठल्या कुठे जाते.

गोळा ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना तुपात घातला तर तूप वितळतं आणि पुढचं सगळं बिघडतं. हे काम आदल्या रात्री करून गोळा झाकून फ्रिजमध्ये ठेवला तर सगळ्यात बरं.

४. मळणं

आधी थिजलेलं तूप, पिठीसाखर आणि गूळ पावडर एकत्र फेटा. रंग फिका आणि हलका झाला की थांबा. गुळाची पावडर पुष्कळदा दमट असते, तिच्यात खडे राहतात, म्हणून चाळून घ्या. खडा राहिला तर भट्टीत तो वितळून करपतो आणि बिस्किटावर काळा डाग पडतो.

सगळा गूळच का नको, हा प्रश्न हमखास येतो. गूळ हवेतली ओल ओढून घेतो, बिस्कीट लवकर मऊ पडतं आणि तळ लवकर करपतो. साखर कुरकुरीतपणा देते. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून साखरेला इतकंही घाबरायचं कारण नाही. साधारण निम्मं-निम्मं केलं तर चव गुळाची येते आणि पोत साखरेचा.

फेटलेल्या तुपात रताळ्याचा गोळा कुस्करून घाला. मग चाळलेली पिठं, रवा, बेकिंग पावडर, मीठ, वेलची. बेकिंग पावडरचा डबा जुना असेल तर आधी चिमूटभर गरम पाण्यात टाकून बघा. फसफसली नाही तर फेकून द्या.

ज्वारीचं पीठ ताजं दळलेलं हवं. जुनं पीठ कडवट होतं, भाकरीतही कळतं आणि बिस्किटात तर जास्तच. मंगळवेढ्याची मालदांडी घरात असेल तर तीच दळा, तिच्या पिठाची गोडी वेगळीच. ज्वारीला चिकटपणा नसल्याने बिस्कीट खुसखुशीत होतं, पण प्रमाण एकतृतीयांशाच्या वर नेलं तर कापताना कडा तुटायला लागतात.

आता हात आवरा. कणीक तिंबायची सवय इथे नडते. पीठ दिसेनासं झालं, गोळा एकत्र आला की बास. पाणी किंवा दूध घालायचा मोह झाला तर आधी मुठीत दाबून बघा, मूठ धरत असेल तर काहीच घालू नका. गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मार्चनंतर ही अर्ध्या तासाची विश्रांती अजिबात चुकवू नका. उन्हाळ्यात मी तर म्हणेन मळणं-लाटणं सकाळी सातच्या आत उरका, नाहीतर बिस्किटं ट्रेवर पसरून एकमेकांना चिकटतील.

५. लाटणं आणि कापणं

दोन बटर पेपरांच्या मध्ये ठेवून पाव सेंटिमीटरहून थोडं जाड लाटा. सगळीकडे जाडी सारखी हवी. कडेला पातळ आणि मध्ये जाड लाटलंत तर कडेची करपेपर्यंत मधली कच्ची राहतात. वाटीच्या कडेने, शंकरपाळ्याच्या कातण्याने, कशानेही कापा. काट्याने दोन-तीनदा टोचा, म्हणजे वाफ निघायला वाट मिळते आणि बिस्कीट फुगत नाही.

६. भाजणं

*ओव्हन असेल तर:* ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १६० अंशांवर वरचा-खालचा दोन्ही रॉड लावून पंधरा मिनिटं तापवा. ट्रे मधल्या कप्प्यात. वीस ते पंचवीस मिनिटं. बाराव्या-तेराव्या मिनिटाला ट्रे फिरवून घ्या, कारण बहुतेक घरगुती ओव्हनचा मागचा भाग जास्त तापतो. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर १५० अंश पुरतात. मध्येच लाईट गेली तर दार उघडू नका. आतली उष्णता बराच वेळ टिकते. लाईट आल्यावर बाहेरून रंग बघून तेवढाच वेळ वाढवा.

*कढईत:* जुन्या जाड कढईत मिठाचा बोटभर थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून, मग आच मंद करून बिस्किटांची ताटली ठेवा. अर्धा तास धरा. वरून रंग येत नाही, म्हणून पंधरा-सोळा मिनिटांनी उलटा. प्रेशर कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा. चांगला कुकर यासाठी वापरू नका, कोरडा तापवून त्याचं बूड खराब होतं.

*बेकरीच्या भट्टीत:* दिवाळीआधी नानकटाईचं सामान घेऊन बेकरीत जायची पद्धत अजून आहे आणि जास्त प्रमाणात करायची असतील तर याच्यासारखी सोय नाही. फक्त थोडं आधी बोलून ठेवा. पाव भाजताना भट्टी या बिस्किटांच्या मानाने फारच तापलेली असते. साखर आणि रताळं असलेलं बिस्कीट त्या आचेवर मिनिटांत काळं पडतं. “मावशी, पावाचा लॉट निघू द्या की, मग आणा,” असं भट्टीवाला स्वतः म्हणाला तर तो माणूस जाणकार समजा. उतरत्या भट्टीत सगळीकडून सारखी आच लागते आणि असा रंग घरच्या ओव्हनमध्ये क्वचितच येतो.

बेकरीत नुसतं सामान देऊन येऊ नका. कारागिराच्या हाताला नानकटाईचं माप बसलेलं असतं, गोळा सैल वाटला तर तो मैदा किंवा डालडा वाढवून मोकळा होईल. घरूनच लाटून, कापून, पत्र्यांवर मांडून न्या. डबा आणि पत्रे आपले असतील तर त्यांवर नावाची चिठ्ठी लावा. मळल्यापासून भट्टीत जाईपर्यंत फार वेळ जाऊ देऊ नका, ओल लागली की बेकिंग पावडरचं काम सुरू होतं. रमजानच्या महिन्यात आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात भट्ट्यांना उसंत नसते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला मात्र थंडीही असते, रताळीही भरपूर असतात आणि घरी पाहुणेही.

झालं कसं ओळखायचं? कडा तांबूस, तळ सोनेरी, मध्यभाग अजून फिकट. गरम असताना बिस्कीट मऊच लागतं. इथे घाबरून आणखी दहा मिनिटं ठेवणाऱ्यांची बिस्किटं गार झाल्यावर दात परत पाठवतात.

७. दुसरी भाजणी

बिस्किटं जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. मग एक मधोमध मोडा. आत गडद, ओलसर रेघ दिसली तर सगळी परत ट्रेमध्ये लावून १२० अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. टोस्ट ज्या तत्त्वावर होतो तेच हे. इतक्या कमी आचेवर रंग फारसा चढत नाही, ओल तेवढी निघून जाते. पावसाळ्यात तर मोडून बघायचीही गरज नाही, दुसरी भाजणी करायचीच.

८. डब्यात भरणं

कोमट बिस्किटं डब्यात भरली की आतच वाफ धरते, मग वरची सगळी मेहनत वाया. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून भरा. दुसरी भाजणी नीट झाली असेल तर हिवाळ्यात आठ-दहा दिवस काळजी नाही, पावसाळ्यात चार-पाच दिवसांत संपवा. ही दुकानातल्या पुड्यातली बिस्किटं नाहीत, यात कंद आहे. आंबूस वास आला किंवा पांढरे ठिपके दिसले तर तेवढंच काढून बाकीची खाऊ नका, सगळी टाका.

घरात मधुमेह असलेलं कोणी असेल तर ‘रताळ्याची आहेत, चालतात’ असं सांगून पाच-सहा हातावर ठेवू नका. यात पीठ आहे, साखर आहे, गूळ आहे आणि भाजल्यावर रताळंही जास्त गोड होतं.

उपवासाला करायची असतील तर

वरची बिस्किटं उपवासाला चालत नाहीत, यात गहू आणि ज्वारी आहे. उपवासासाठी गव्हाचं, ज्वारीचं पीठ आणि रवा काढून १३० ग्रॅम राजगिऱ्याचं आणि ७० ग्रॅम शिंगाड्याचं पीठ घ्या. बेकिंग पावडरमध्ये बहुधा मक्याचं पीठ असतं, ती वगळा. मिठाऐवजी सैंधव. बाकी प्रमाण तेच.

ही लाटायच्या भानगडीत पडू नका, तुटतात. सुपारीएवढ्या गोळ्या करून तळहातावर चपट्या करा आणि १५० अंशांवर भाजा, राजगिऱ्याचं पीठ लवकर काळवंडतं. फुगत नाहीत, थोडी दाट होतात. वर शेंगदाण्याचा जाडसर कूट दाबून बसवला तर चव एकदम उठून येते. जायफळ, वेलची घरात उपवासाला चालते की नाही ते आधी विचारा, प्रत्येक घरची रीत वेगळी.

विकायचा विचार असेल तर

शेजारी मागायला लागले की हा विचार येतोच. घरून विकायचं असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते, फोटो आणि ओळखपत्र-पत्त्याचे पुरावे तयार ठेवा. पाकिटावर घटक, वजन, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, नोंदणी क्रमांक हे सगळं यायला हवं. आणि टिकण्याची मुदत ठरवताना जानेवारीतला अनुभव धरू नका, जुलैतली बिस्किटं किती दिवस राहिली ते बघून लिहा.